खुब्यातलं प्लास्टिक आणि पाकिटावरचं स्टिकर

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या आरोग्य पुरवणीत मागे खुब्याच्या ऑपरेशनवर लेख आला होता, चांगला होता, पण त्यात शेवटी एकच वाक्य होतं की कृत्रिम सांधा १५ ते २० वर्षं टिकतो. बस्स. तेवढीच का वर्षं, नंतर त्याचं काय होतं, १५ झाली की बदलायलाच पाहिजे का, काहीच नाही. आमच्या वाड्यावर हे ऑपरेशन झालेले दोघं-तिघं आहेत, त्यातल्या एका काकांनी तो लेख वाचून मला देवळाजवळ थांबवलं आणि विचारलं, अरे माझी अठरा होत आली, म्हणजे आता दोनच उरली काय? आता याला काय उत्तर देणार. मला विचारलं कारण माझी सगळी नोकरी गोव्यात कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत प्लास्टिकच्या कारखान्यात गेली, क्वालिटी सेक्शनला होतो, आणि ताईच्या खुब्यामुळे मी या विषयावरचं हाताला लागेल ते वाचत आलोय. मी डॉक्टर नाही, तेव्हा ऑपरेशन करावं की नको यावर मी बोलणार नाही. पण प्लास्टिक म्हातारं कसं होतं हे मला कळतं, आणि त्या लेखात नेमकं तेच राहून गेलं होतं. पत्र लांबणार आहे, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त शेवटची स्टिकरची गोष्ट कापू नका.

आधी हे प्लास्टिक म्हणजे काय ते सांगतो. खुब्यात काय असतं, मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा, त्यावर धातूचा नाहीतर सिरॅमिकचा गोळा, आणि वर कमरेच्या हाडात वाटी. वाटी बाहेरून धातूची असते, आत प्लास्टिकचं अस्तर, त्याला लायनर म्हणतात, (जुन्या सिमेंटवाल्या पद्धतीत पूर्ण वाटीच प्लास्टिकची) आणि गोळा त्या प्लास्टिकवर घसरत राहतो. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिइथिलीन, म्हणजे कुळ तेच, बाजारातल्या पिशवीचं. पण पिशवीच्या पॉलिइथिलीनचं रेणुभार लाख-दोन लाखांच्या आसपास धरा, आणि खुब्यातल्याचं २० लाखांपासून ६० लाखांपर्यंत जातं. रेणूंच्या साखळ्या इतक्या लांब की तापवलं तरी ते वाहत नाही, त्यामुळे आम्ही बादल्या-टब काढायचो तसं इंजेक्शन मोल्डिंग त्याचं होतच नाही. पावडर येते, ती दाबाखाली तापवून त्याची पाटी किंवा दांडा करायचा आणि मग लेथवर वाटी कातायची. कारखान्यात असताना या जातीच्या प्लास्टिकचे गिअर आणि पट्ट्या आम्ही मशीनला लावायचो, झिजायचं नावच घेत नाहीत.

आणि गंमत म्हणजे ते माणसाच्या शरीरात आलं तेसुद्धा गिअरच्याच वाटेने. इंग्लंडात लँकेशरमध्ये राइटिंग्टन हॉस्पिटलला जॉन चार्नली नावाचे सर्जन होते, त्यांनी १९५८ पासून टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन गुळगुळीत, मग सांध्याला बरं, असा हिशेब. पेशंट सुरुवातीला एकदम खूष, आणि मग काही वर्षांतच धातूचे गोळे त्या वाट्या कोरत वर घुसायला लागले आणि झिजलेल्या भुग्याने आजूबाजूच्या मांसाची वाट लावली. तीनशेच्या आसपास माणसांना त्या वाट्या बसलेल्या होत्या, एकेकाला परत टेबलावर घ्यावं लागलं. १९६२ मध्ये एक सेल्समन कापडगिरणीच्या मागांना लागणारे प्लास्टिकचे गिअर विकत तिथे आला, त्याच्याकडचा तुकडा चार्नलीसाहेबांनी नख दाबून बघितला आणि यात काही दम नाही म्हणून सोडून दिला, पण त्यांच्या वर्कशॉपमधल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाने तो तरीही झिजवायच्या मशीनवर चढवला आणि काय, झीज मोजायची पंचाईत इतकी कमी. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून पॉलिइथिलीनच्या वाट्या सुरू झाल्या. साहेबांनी टेफ्लॉनचा आणि पॉलिइथिलीनचा भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन काय होतं ते बघितलं होतं. मला या सगळ्यात त्या क्रेव्हनचं जास्त कौतुक वाटतं, साहेब नको म्हणतायत आणि हा मशीन चालू ठेवतोय, क्वालिटीत काम केलेल्या माणसाला ते कळेल.

आता मुद्द्यावर येतो. लोक सांधा "झिजला" म्हणतात आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एक झीज, म्हणजे चालून चालून घासलं जाणं. दुसरं म्हणजे त्या प्लास्टिकचं रासायनिक म्हातारपण, जे तुम्ही खाटेवर पडून राहिलात तरी चालूच राहू शकतं. दोन्ही एकमेकांना हात देतात पण कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे.

झीज आधी उरकतो. जुन्या प्रकारच्या पॉलिइथिलीनमध्ये गोळा वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर आत सरकतो. ऐकायला काहीच वाटत नाही, दहा वर्षांत एक मिलिमीटर. पण तो एक मिलिमीटर गेला कुठे? एका पायाची वर्षाला सरासरी दहा लाख पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला लाखोंनी कण सुटतात, बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात, पण पॉलिइथिलीन पचवणार कसं, मग त्या पेशी चिडून रसायनं सोडतात आणि त्या रसायनांमुळे हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि वाटीच्या मागचं स्वतःचं चांगलं हाड पोखरलं जातं. म्हणजे सांधा ढिला होतो तो प्लास्टिक संपलं म्हणून नाही, आधार देणारं हाडच गेलं म्हणून. पूर्वी डॉक्टर लोक याचा दोष सिमेंटला द्यायचे. आणि सगळ्यात वाईट भाग म्हणजे हाड पोखरलं जात असताना बहुतेक वेळा दुखत नाही, दुखायला लागतं तेव्हा बरंच गेलेलं असतं. झीज वर्षाला ०.०५ मिलिमीटरच्या खाली असली तर हा प्रकार क्वचितच होतो असं आढळलंय, म्हणजे सगळी लढाई त्या शंभराव्या हिश्शातल्या मिलिमीटरची.

आता म्हातारपण. आपल्या प्रत्येकाच्या अंगणात प्लास्टिकची खुर्ची असते, दोन-चार उन्हाळे अंगणातच राहिली की रंग उडतो, हात लावला की पांढरी पूड लागते, आणि मग एक दिवस चवथीला आलेला पाहुणा टेकतो आणि पाय मोडतो, खुर्चीचा. तिथे उन्हाने साखळ्या तुटतात आणि हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या जागी जाऊन बसतो. खुब्यात ऊन नाही, मग? तर खुब्यातल्या प्लास्टिकला त्याचं ऊन आधीच दाखवलेलं असतं. निर्जंतुक करण्यासाठी बंद पाकिटावर गॅमा किरण मारतात, २५ ते ४० किलोग्रे (किलोग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप). जंतू मरतात, पण त्या किरणांनी प्लास्टिकच्या साखळ्याही तुटतात आणि तुटलेली टोकं, ज्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, ती मोकळीच राहतात. काही टोकं एकमेकांना जुळतात, त्याने उलट प्लास्टिक झिजेला जास्त दाद देत नाही, ते चांगलंच. पण ज्यांना ऑक्सिजन गाठतो तिथे पेरॉक्साइड होतं, त्यातून पुढे किटोन आणि आम्लं, साखळी अजून तुटते, अजून टोकं मोकळी, असं ते चक्र चालू राहतं. लांब साखळ्यांचे आखूड तुकडे झाले की ते जास्त घट्ट रचून बसतात, घनता वाढते, आणि जे प्लास्टिक चिवट म्हणून निवडलं ते ठिसूळ होतं.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे पाकीट साध्या हवेचं असायचं. म्हणजे गॅमा मारल्यावर ते प्लास्टिक पाकिटातल्या पाकिटात, शेल्फवर पडल्यापडल्याच म्हातारं व्हायला लागायचं, कुणाच्या शरीरात जायच्या आधी! नंतर काढलेल्या वाट्या कापून बघितल्या तेव्हा पृष्ठभागाच्या एक-दोन मिलिमीटर आत पांढरा पट्टा दिसायचा, तोच जास्तीत जास्त सडलेला थर. वरून बघाल तर माल ओके. गुडघ्यात याने जास्त नुकसान केलं, कारण गुडघ्यात भार छोट्या जागेवर येतो आणि तो पट्टा फुटून वरचा पापुद्राच सुटायचा, खुब्यात गोळा वाटीत नीट बसलेला असल्याने तेवढं झालं नाही, पण कडेला तडे गेले, झीज वाढली. हे कळल्यावर कंपन्यांनी पाकिटातली हवा काढून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरला, काहींनी व्हॅक्यूम केलं, काहींनी गॅमाच सोडून इथिलीन ऑक्साइड नाहीतर गॅस प्लाझ्मा धरला ज्याने फ्री रॅडिकल होतच नाहीत.

पण पाकिटातला ऑक्सिजन बंद केला म्हणून शरीरातला बंद होतो का? शरीरात हवेपेक्षा कमी असतो खरा, पण असतो, सांध्याच्या पाण्यात विरघळलेला असतो. आणि इथे मला तरी फार रस वाटला, की वाटी सगळीकडे सारखी म्हातारी होत नाही. जिथे गोळा टेकलेला असतो तिथे पाणी कमी पोचतं म्हणून ऑक्सिडेशन कमी, आणि कडेला, जिथे सांध्याचं पाणी सतत भिजवत असतं, तिथे जास्त. आणि नेमकं कडेलाच लायनर धातूच्या वाटीत अडकवायच्या खाचा असतात. जिथे मजबुती पाहिजे तिथेच ठिसूळपणा.

दुसरं कारण तर अजून मजेशीर. सांध्याच्या पाण्यात चरबीचे अंश असतात, कोलेस्टेरॉलचे प्रकार, स्क्वालीन वगैरे (हे स्क्वालीन आपल्या मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताच्या तेलात भरपूर सापडतं, आणि आपल्या अंगाच्या तेलकटपणातही असतं). पॉलिइथिलीन हे तेल हळूहळू पिऊन घेतं, म्हणूनच जुन्या वाट्या काढल्यावर पिवळट दिसतात. आधी सगळ्यांना वाटायचं की नुसता डाग आहे. पण बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिसलं की ही चरबी स्वतः ऑक्सिजनशी बिघडते आणि बिघडताना शेजारच्या प्लास्टिकच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेते, म्हणजे नवीन फ्री रॅडिकल तयार. ज्या वाट्यांमध्ये कारखान्यातून निघताना एकही फ्री रॅडिकल शिल्लक नव्हता अशासुद्धा शरीरातून काढून नुसत्या कपाटात ठेवल्या तर काही महिन्या-वर्षांत ऑक्सिडाइज व्हायला लागल्या, कारण आत चरबी शिरलेली होती. आमच्या कारखान्यात तेल पिऊन प्लास्टिक फुगलेलं मी बघितलंय पण तेल प्लास्टिकला आतून असं पेटवतं हे मला नवीन होतं.

फ्री रॅडिकल नसलेल्या वाट्या म्हणजे कुठल्या, तर १९९८-९९ पासून नवीन पिढी आली, क्रॉसलिंक केलेलं पॉलिइथिलीन. गॅमा किंवा इलेक्ट्रॉन किरण मुद्दामच जास्त मारायचे, ५० ते १०० किलोग्रे, म्हणजे साखळ्या एकमेकींना घट्ट जोडल्या जातात आणि झीज ८०-९० टक्क्यांनी कमी होते. हा आकडा प्रचंड आहे, मी आधी विश्वासच ठेवला नाही. पण मग शिल्लक राहिलेल्या टोकांचं करायचं काय? एक वाट अशी की वितळबिंदूच्या वर तापवायचं, साधारण १३७ डिग्रीच्या वर, म्हणजे अडकलेली टोकं हलतात आणि आपापसात जुळून संपतात. पण असं वितळवून थंड केलं की स्फटिकपणा कमी होतो आणि वारंवार वाकण्याला ते जरा कमजोर पडतं, पातळ लायनर तिरका बसला तर कड मोडल्याच्या केसेस आहेत. दुसरी वाट, वितळबिंदूच्या खालीच तापवायचं, मग ताकद टिकते पण थोडे फ्री रॅडिकल राहतात आणि काही वर्षांनी कडेला ऑक्सिडेशन दिसतं. म्हणजे काय, काहीतरी द्यायचं आणि काहीतरी घ्यायचं. तिसरी वाट २००७ च्या सुमारास आली, प्लास्टिकमध्ये विटामिन ई घालायचं, तेच जे मेडिकलमध्ये कॅप्सूल मिळते. विटामिन ई त्या मोकळ्या टोकांना शांत करतं आणि चरबीने सुरू केलेलं चक्रही तोडतं, आणि वितळवायची गरज नसल्याने ताकदही जात नाही. कागदावर हेच सगळ्यात चांगलं दिसतं. पण २००७ चं म्हणजे पंचवीस वर्षांचा अनुभव अजून कुणाकडेच नाही, त्यामुळे ज्या हॉस्पिटलांच्या जाहिरातीत "आयुष्यभर टिकणारा सांधा" असं लिहितात त्यांना मला विचारावंसं वाटतं की बाबा कुणाचं आयुष्य मोजलंस?

आता त्या काकांना मी काय सांगितलं ते. १५-२० वर्षं ही एक्सपायरी डेट नाहीच मुळी. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात वेगवेगळ्या देशांची माहिती एकत्र करून अभ्यास आला, त्यात पंचवीस वर्षांनी ५८ टक्के खुबे अजून जागेवर होते. आणि हिशेब करा, २०१९ ला ज्याला पंचवीस वर्षं झाली तो १९९४ च्या आधीचा, म्हणजे हवेच्या पाकिटात गॅमा मारलेल्या जुन्या प्लास्टिकचा जमाना. तरी निम्म्याहून जास्त टिकले. नवीन क्रॉसलिंकवाल्यांची ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रीतली (म्हणजे अशा ऑपरेशनांच्या देशभरच्या नोंदवहीतली) १६ वर्षांची आकडेवारी बघितली तर परत ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जुन्याच्या तुलनेत जवळपास निम्मं आहे. तेव्हा काकांनी घाबरायचं काही कारण नाही. पण काकांचं नक्की कुठलं प्लास्टिक आहे? जुनं का क्रॉसलिंक, कुठल्या कंपनीचं, गॅमा का गॅस? काकांना माहीत नाही, त्यांच्या मुलाला माहीत नाही, फाईलमध्ये फक्त "टोटल हिप रिप्लेसमेंट, उजवी बाजू" एवढंच लिहिलेलं. आणि हेच माझं या पत्राचं मुख्य म्हणणं आहे. वरचं सगळं शास्त्र पेशंटला तेव्हाच उपयोगाचं जेव्हा त्याला आपल्या आत काय आहे ते ठाऊक असेल.

आमच्या ताईचं सांगतो. तिचा खुबा फार वर्षांपूर्वी गोव्याबाहेर एका खाजगी हॉस्पिटलात बदलला, संधिवाताने सांधा गेलेला. त्यानंतर ती एकदम मस्त, साखळी गावच्या घरी माडाच्या बागेत फिरणं, जत्रेला चालत जाणं, सगळं चालू. दुखणं काही नाही म्हणून दाखवायलाही कुणी नेलं नाही. मग भलत्याच कारणासाठी एक्सरे काढला आणि डॉक्टरांनी बघितलं की गोळा वाटीच्या मध्यावर नाही, वर सरकलाय, आणि मागे हाडात काळी पोकळी. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला, वाटी कुठल्या कंपनीची? कारण धातूची बाहेरची वाटी हाडात घट्ट असेल तर नुसतं आतलं प्लास्टिक आणि गोळा बदलून काम भागतं, छोटं ऑपरेशन, आठवड्याभरात माणूस चालायला लागतो. पण प्रत्येक कंपनीच्या लायनरच्या खाचा वेगळ्या, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. कंपनी माहीत नाही तर लायनर मागवायचा कुणाकडून? जुन्या हॉस्पिटलला फोन केले, पत्रं पाठवली, तर रेकॉर्ड नष्ट केलंय, इतकी जुनी फाईल ठेवत नाही. डॉक्टरांनी एक्सरेवरच्या आकारावरून ओळखायचा प्रयत्न केला, ओळख लागली पण पक्की नाही, आणि शेवटी पूर्ण वाटी काढून नवीन बसवावी लागली, हाडाची भर घालून. काढताना चांगलं हाडही थोडं जातंच. ऐंशीच्या घरातल्या बाईला हे सोसायला लावलं ते एका न मिळालेल्या कागदाच्या चिटोऱ्याने.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला काढलेल्या लायनरचा फोटो दाखवला. मेणासारखा पिवळा, एका बाजूला पातळ, आणि कडेला पांढरट रेषेत बारीक तडे. कडेलाच! वाचलेलं सगळं त्या एका फोटोत होतं. ते प्लास्टिक किती वर्षं शेल्फवर होतं आणि किती वर्षं ताईच्या आत, हे मात्र कुणीच सांगू शकणार नाही.

शेल्फचं मी उगाच धरून बसलो नाही. अमेरिकेत एक्झॅक्टेक नावाच्या कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये गुडघ्याचे आणि घोट्याचे प्लास्टिकचे भाग परत बोलवायला सुरुवात केली, फेब्रुवारी २०२२ मध्ये तो रिकॉल वाढवला आणि त्याच वर्षी पुढे खुब्याच्या काही लायनरपर्यंत गेला. कारण काय, तर व्हॅक्यूमच्या पिशवीत ऑक्सिजन अडवणारा जो एक थर असतो, इथिलीन व्हिनाइल अल्कोहोलचा, तो पिशवीत नव्हताच. आणि अशा पिशव्या २००४ पासून वापरल्या जात होत्या! सर्जनचं काम चोख, प्लास्टिक चांगलं, कातकाम चांगलं, आणि पिशवीत एक थर कमी म्हणून माल शेल्फवर म्हातारा. पॅकेजिंग म्हणजे हलकं काम, कुणालाही लावा, असं समजणारे मॅनेजर मी बघितलेत, त्यांना ही गोष्ट सांगायला पाहिजे. आता विचार करा, अशा वेळी ज्याच्या हातात सांध्याच्या पाकिटावरचं स्टिकर आहे तो लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर) जुळवून बघू शकतो की माझं त्यातलं आहे का, आणि ज्याच्या हातात काही नाही तो फक्त बातमी वाचून झोप घालवू शकतो.

स्टिकर हे काही मागून छापायचं नसतं, इम्प्लांटच्या, म्हणजे शरीरात बसवायच्या भागाच्या, खोक्यात ते आलेलंच असतं, तेही एक नाही, चार-पाच. त्यावर कंपनी, मॉडेल, साइज, लॉट नंबर, निर्जंतुक करायची पद्धत आणि वापरायची शेवटची तारीख सगळं असतं. एक ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरला, एक केसपेपरला, एक विम्याच्या क्लेमला, आणि उरलेली बहुतेक कचऱ्यात. पेशंटला एक द्यायला काय लागतं? गोव्यात खुब्याच्या ऑपरेशनला डीलरचा माणूस सगळे साइज घेऊन येतो, त्यातला एक वापरतात, बाकीचे परत जातात आणि पुढच्या केसला परत येतात, यात गैर काही नाही, पद्धतच ती आहे. पण कमी खपाचा साइज शेल्फवर जास्त दिवस राहणार हे कुठल्याही स्टोअरकीपरला विचारा, आमच्याकडेही तोच मागे राहायचा. हल्लीच्या चांगल्या पाकिटात मुदतीच्या आत असेल तर काळजीचं कारण नाही, फक्त ती मुदत पेशंटच्या घरच्यांनी बघितलेली असावी, दुधाच्या बाबतीत बघतो आपण.

स्वीडनने १९७९ पासून आपल्या देशातल्या प्रत्येक खुब्याची नोंद ठेवलीय, कुठला बसवला, कधी काढला. युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत इम्प्लांट केलेल्या पेशंटला कार्ड द्यायलाच लागतं. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची रजिस्ट्री आहे पण ती ऐच्छिक, ज्याने भरलं त्याने भरलं. पूर्ण देशाचं होईल तेव्हा होईल, पण गोवा केवढासा, खुब्याची ऑपरेशनं होतात ती बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), जिल्हा हॉस्पिटलं आणि मोजकी खाजगी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची कार्डं घरोघरी पोचलीत, क्लेमची फाईल कॉम्प्युटरवर जाते. त्याच फाईलमधल्या स्टिकरचा फोटो पेशंटच्या नावावर कायमचा राहू दे आणि त्याची एक प्रिंट डिस्चार्जच्या दिवशी हातात दे, एवढंच आरोग्य खात्याने केलं तर लहान राज्य असण्याचा एकदा तरी फायदा होईल. खाजगीवाल्यांना डिस्चार्ज समरीत लॉट नंबर लिहायची सक्ती करा. यात पैशाचा प्रश्न नाही हो, आळसाचा आहे.

ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय त्यांच्यासाठी काही गोष्टी. दुखत नसलं तरी अधूनमधून एक्सरे काढून सर्जनला दाखवा, किती वर्षांनी ते तेच सांगतील, दहा वर्षं उलटली असतील तर नक्कीच. आणि ऑपरेशननंतरचा पहिला एक्सरे जपून ठेवा, कारण गोळा सरकला की नाही हे जुना-नवा शेजारी ठेवूनच कळतं, एकट्या नव्या फिल्मवरून अर्धा मिलिमीटर कुणाला दिसणार. आपल्या पावसात कपाटातल्या फिल्मला बुरशी धरते, एकमेकांना चिकटतात, तेव्हा खिडकीच्या काचेला लावून मोबाईलवर फोटो काढा आणि मुलांना, नातवंडांना पाठवून ठेवा. ज्यांचा पडून खुबा मोडला आणि "अर्धाच सांधा" बसवलाय त्यांनी आपल्याला हे लागू नाही असं धरू नका, त्यातल्या बायपोलर प्रकारात गोळ्याच्या आतही हेच पॉलिइथिलीन असतं. आणि जुन्या हॉस्पिटलातून फाईल काढायची असेल तर आत्ताच जा, अजून काही वर्षांनी तीही रद्दीत गेलेली असेल. वाड्यावरच्या काकांच्या मुलाला मी तेच सांगितलंय, त्याने अर्ज दिलाय, बघू.

आपला,
कुंडईच्या कारखान्यातला एक निवृत्त कामगार,
फोंडा